जुन्या ड्रमच्या गोल कडा कापू नका, योग्य हेड निवडा

संपादक महोदय,

जुना ड्रमसेट हाती आला, की पहिला सल्ला मिळतो तो त्याच्या कडा नव्या पद्धतीने ४५ अंशांत, म्हणजे अणकुचीदार धार येईल अशा, कापून घेण्याचा. गोल कड म्हणजे झिजलेली कड, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. एकदा कापलेली कड परत येत नाही आणि तिच्याबरोबर त्या ड्रमचा आवाजही जातो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

शेल म्हणजे ड्रमचे गोल भांडे आणि हेड म्हणजे त्यावर ताणून बसवलेला, वाजवायचा पडदा. शेलच्या ज्या काठावर हेड टेकते तो काठ म्हणजे बेअरिंग एज, या पत्रातली 'कड'. मायलर प्लॅस्टिकची हेड १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र मिळू लागली. त्याआधी ड्रमवर वासराचे कातडे असे. ते ओले करून लाकडी कड्यावर गुंडाळायचे आणि शेलवर चढवून वाळू द्यायचे. वाळताना कातडे काठाचा आकार घेते, त्यामुळे त्याला अणकुचीदार धार नको असते, रुंद टेकू हवा असतो. लुडविग, स्लिंगरलँड यांसारख्या कंपन्यांनी प्लॅस्टिक आल्यानंतरही बरीच वर्षे गोल कडाच ठेवल्या. आज त्या ड्रमचा जो आटोपशीर, ऊबदार आवाज आपल्याला आवडतो, त्याचे मोठे श्रेय या कडांना आहे. रुंद काठ हेडला जास्त जागी धरतो, वरचे कर्कश उपस्वर लवकर विरतात, मूळ सूर पुढे येतो आणि नाद थोडक्यात संपतो.

हेड निवडताना नेमके हेच विसरले जाते. गोल कड मुळातच नाद दाबते. तिच्यावर जाड दुपदरी हेड बसवले आणि वर जेलच्या चकत्या चिकटवल्या, तर काठीचा स्पष्ट आघात जाऊन नुसता 'थप' उरतो. मग दोष ड्रमला दिला जातो. माझ्या मते गोल कडेच्या टॉमवर (सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमवर) सुरुवात नेहमी एकपदरी, खडबडीत लेपाच्या १० मिल जाडीच्या हेडने करावी. रेमोचे कोटेड अँबॅसेडर किंवा इव्हान्सचे कोटेड जी-१ या जातीचे. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा १० मिल म्हणजे पाव मिलिमीटर. पातळ पापुद्रा गोलाईवर सहज वळतो. दुपदरी हेडची कॉलर (काठाजवळचा वळलेला भाग) ताठ असते, ती काठाशी भांडत राहते. जोरात वाजवणाऱ्यांना थोडे टिकाऊ हवे असेल, तर ७.५ आणि ३ मिलच्या दोन पदरांचे रेमोचे व्हिंटेज ए हा मधला मार्ग आहे. कातड्याच्या जवळचा आवाज हवा असेल तर फायबरस्किन नावाचे हेड लावून पाहावे. ड्रमच्या खालच्या बाजूला १० मिलचे साधे पारदर्शक हेड चालते. नाद फारच आखूड वाटला तर तिथे ७.५ मिलचे डिप्लोमॅट लावा, फरक लगेच ऐकू येतो.

दुसरी अडचण मापाची. कातड्यासाठी बनवलेली शेल बऱ्याचदा आजच्या मापापेक्षा किंचित मोठी असतात. इंग्लंडच्या प्रीमियरचे काही जुने ड्रम तर यासाठी प्रसिद्धच आहेत. हेड नुसते ठेवल्यावर स्वतःच्या वजनाने खाली बसले पाहिजे आणि दोन बोटांनी सहज फिरले पाहिजे. हेडची ॲल्युमिनियमची कडी शेलला घासत असेल तर किल्ली कितीही फिरवली तरी ताण सगळीकडे सारखा पोचत नाही. अशा वेळी हेड ठोकून बसवू नका, शेलही घासू नका. आधी शेलवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा जोड उचकटला आहे का पाहा. पुष्कळदा अडथळा तिथेच असतो. जोड नीट असेल तर जुन्या शेलसाठी बनवलेली हेड मिळतात: रेमोची क्लासिक फिट आणि ॲक्वेरियनची अमेरिकन व्हिंटेज. ती निमूटपणे बसतात.

जुने हेड काढले की फेकण्यापूर्वी त्याची आतली बाजू उजेडात धरा. गोल कडेचा ठसा रेघेसारखा नसतो, काही मिलिमीटर रुंदीचा पट्टा असतो. तो सगळीकडे सारखा दिसला तर कड उत्तम आहे. कुठे तो अचानक बारीक किंवा फिका झाला असेल, तर तिथे कड खाली गेलेली आहे. खात्रीसाठी शेल जाड सपाट काचेवर उपडे ठेवा, आत टॉर्च लावा आणि खोलीत अंधार करा. उजेडाची बारीक फट एखाद्या जागी दिसली तर घाबरायचे कारण नाही. साधा कागद जेमतेम सरकेल एवढा फरक हेड सांभाळून घेते. कोरड्या फडक्याने कड पुसा, बोट फिरवून खाचा तपासा आणि लाकडी काठावर साध्या मेणबत्तीचे मेण अगदी पातळ घासा.

हे मेण का, ते ट्यूनिंग करताना कळते. हेडवर बसणारे धातूचे कडे म्हणजे रिम, आणि ते खाली ओढून हेड ताणणारे स्क्रू म्हणजे रॉड. रुंद काठावर घर्षण जास्त असते. एका रॉडला दिलेला ताण शेजारच्या रॉडपर्यंत सरकायला वेळ घेतो, म्हणून गोल कडेचा ड्रम घाईने लागत नाही. रॉडचे आटे साफ करून तेलाचा एक थेंब द्या. सगळे रॉड बोटांनीच, चिमटीत फिरेनासे होईपर्यंत बसवा. मग समोरासमोरच्या जोड्या घेत प्रत्येकाला अर्धा फेरा द्या आणि प्रत्येक फेरीनंतर हेडच्या मध्यावर तळहाताने दाबा. कडकड ऐकू आली तर बहुधा तो कडीतल्या डिंकाचा आवाज असतो. सुरकुत्या गेल्यावर पाव फेऱ्याने चढत अपेक्षित सुरापेक्षा थोडे वर न्या आणि ड्रम रात्रभर तसाच राहू द्या. जुन्या पत्र्याच्या रिम पातळ असतात. एकच रॉड खूप आवळला तर रिम तिथे वाकते.

दुसऱ्या दिवशी सैल करून पुन्हा चढवा. प्रत्येक रॉडपासून साधारण अडीच सेंटिमीटर आत हलका टोला द्या आणि सूर जुळवा. आता बदल आठव्या भागाच्या फेऱ्यापेक्षा मोठे नकोत. उतरवून सूर लावायचा नाही हा नियम इथे कडक पाळा. सूर वर गेला तर हवा त्याच्याही खाली या, तळहाताने दाबा आणि मग चढत या. रुंद काठाला चिकटलेला पापुद्रा आपोआप मागे सरकत नाही. उतरवून थांबलात तर दहा मिनिटे वाजवल्यावर सूर घसरतो. वरच्या हेडचा सूर सा मानला, तर खालचे कोमल गंधारापासून मध्यमापर्यंत ठेवावे. दोन्ही एकाच सुरात ठेवली तर नाद सर्वांत लांबतो, आणि गोल कडेवर तोही बेताचाच राहतो. एकाच जागी सुरकुती हटत नसेल तर तो रॉड आवळत बसू नका. समोरचा थोडा सैल करून पाहा. तरीही हटली नाही तर हेड पाव वर्तुळ फिरवून बसवा. सुरकुती हेडबरोबर फिरली तर हेड सदोष, तिथेच राहिली तर कड किंवा रिम.

स्नेअरला, म्हणजे खालच्या हेडवर तारा टेकवलेल्या ड्रमला, खाली ३ मिलचे स्नेअर-साइड हेडच हवे. जुन्या स्नेअरमध्ये तारांसाठी काठावर घेतलेली खोलगट जागा बरीच रुंद असते, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंचे रॉड इतरांपेक्षा किंचित जास्त आवळावे लागतात. तिथली बारीकशी सुरकुती चालते. तारा कुरकुरत राहिल्या तर वर टेप लावण्याआधी हे चार रॉड तपासा.

बास ड्रमवर काठाला आतून जादा कडे असलेली पॉवरस्ट्रोक ३ सारखी हेड मी टाळतो, कारण ते काम कड आधीच करत असते. एकपदरी कोटेड हेड आणि त्याखाली काठापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ५ ते ८ सेंटिमीटर रुंदीची नमद्याची पट्टी पुरते. सुरकुत्या गेल्यावर पाव ते अर्धा फेरा, एवढाच ताण. पुढच्या हेडला भोक पाडण्याची घाई करू नका.

कड खरोखर फुटली असेल, थर सुटले असतील किंवा आधीच कुणी वाकडी कापून ठेवली असेल, तर दुरुस्ती करावीच लागते. तेव्हाही सुटलेले थर सरसाने चिकटवून आणि खाच लाकडाच्या तुकड्याने भरून तेवढाच भाग मूळ गोलाईत घासावा. संपूर्ण कड यंत्रावर धरण्याआधी कारागिराला मूळ गोलाईचा पुठ्ठ्यावर काढलेला नमुना द्या आणि त्याच्याशी मिळवून बघितल्याशिवाय शेल ताब्यात घेऊ नका.

आपला,
एक ड्रमवादक वाचक