पडायच्या आधी वाजणारं घड्याळ

ऑक्सफर्ड, रविवार

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

परवा तू फोनवर म्हणालीस, "बाबा पडायच्या आधी वाजेल असं घड्याळ तिकडे मिळतं म्हणे, पाठव की." मी नुसतं "बघते" म्हटलं. बाबा शेजारीच बसले होते, म्हणून जास्त बोलले नाही.

आई, तसं घड्याळ दुकानात नाही गं. ॲपलच्या घड्याळात 2018 पासून सोय आहे ती पडल्यानंतरची. माणूस जोरात आपटला आणि मिनिटभर हललाच नाही, तर ते मदतीसाठी फोन लावतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तू ऐकलंस ते बहुधा इथल्याच विद्यापीठाचं संशोधन, 2024 साली छापून आलेलं. बाबांसारखाच कंपवात (पार्किन्सन्स) असलेल्यांच्या मनगटांना, पावलांना, छातीला आणि कमरेला मिळून सहा सेन्सर बांधले, दोन मिनिटं चालायला लावलं, थोडा वेळ नुसतं उभं केलं. मग पाच वर्षं कोण पडतंय याची नोंद ठेवली. ज्यांची चाल संथ, पावलं कमी-जास्त, उभ्या उभ्या झोक जातो, ते पडण्याची शक्यता जास्त निघाली. काम मोलाचं आहे, पण मृग कधी लागणार हे पंचांगात कळतं, आज दुपारी छत्री लागेल का ते नाही, तसंच हे.

बाबांचं दुखणं तर देवघराच्या दारातलं. पाय जमिनीला चिकटतात, अंग पुढे जातं. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात. गंमत म्हणजे तेव्हा पाय अगदी थिजलेले नसतात, आतल्या आत थरथरतात. चालण्याची लय सेकंदाला साधारण तीनच्या आत असते, ही थरथर तीन ते आठ वेळा. पायावरच्या सेन्सरला हा फरक ओळखता येतो. तेल अवीवमध्ये पाय अडकला की कानात ठेका वाजवणारं यंत्र लोकांना लावून पाहिलं होतं, 2010 च्या सुमारास. पण तेही अडकल्यावरच वाजायचं.

ठेका आपल्याकडे आहेच की. बाबांनी इतक्या वाऱ्या टाळ वाजवत केल्या. पाय अडकले की "चला, चला" करून हात ओढू नकोस. थांबू दे, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकू दे, मग "ज्ञानबा तुकाराम" म्हणत पाऊल. दारातलं पायपुसणं आधी काढ.

आणि एका वहीत लिही: कुठे अडखळले, किती वाजता, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, वळताना का. ते सांगणार नाहीत; कोपर खरचटलं तरी "भिंतीला लागलं" म्हणतील. डॉक्टरांना वही दाखव, उभं राहिल्यावरचं बीपीही मोजायला सांग.

एक राहिलंच. दिवाळीत ते जिना सरळ चढले आणि माडीवरच्या सपाट फरशीवर अडकले, तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "मुद्दाम करताय का?" नव्हते करत. पायरीची कड दिसते, म्हणून पाय उचलला जातो. फरशीवर तसं काहीच नसतं. पांढऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या लाव देवघरापर्यंत, त्यांच्या एकेका पावलाच्या अंतरावर. मी एप्रिलमध्ये येतेय, तोवर थांबू नकोस. आणि मी काय म्हणाले होते ते त्यांच्या लक्षात असेल तर पत्राचा हा भाग त्यांना वाचून दाखव.

तुझी,
सुमी