मंत्रिमहोदय, श्रीयंत्राचं रेशनकार्ड करू नका!

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री यांना,
स. न. वि. वि.

‘पोथीला बोट न लावता फोटो काढू’ असा शब्द देऊन मराठवाड्यातल्या एका शिबिरात देवीच्या सचित्र पोथ्या मागवल्या गेल्या. परत आल्या त्या लॅमिनेट होऊन. रेशनकार्डासारख्या चकचकीत. अभिनंदन.

लॅमिनेशनचं यंत्र शंभर अंशांच्या वर तापतं आणि पान रुळांमधून दाबून काढतं. पोथीतला रंग डिंकात खललेला असतो. इथे मे महिन्यात पारा चाळिशीपार, श्रावणात दमट हवा. कागद फुगतो-आकसतो, डिंकाचा थर जुना होऊन ताठलेला, म्हणून रंगाच्या खपल्या सुटतात. त्या बारीक कुंचल्यानं, पातळ चिकटीनं एकेक बसवायच्या असतात. शिबिरात त्या रुळाखाली चिरडून प्लास्टिकला चिकटल्या. आता प्लास्टिक सोललं तर देवीचा चेहराही सोलून येणार.

हिरव्याचं दुखणं आणखी वाईट. जंगाल म्हणजे तांब्याचा गंज. तो कागद खातो. आधी पानाच्या पाठीवर तपकिरी सावली, मग रेघेवरच भेग. ओलीनं हे वाढतं, आणि तुम्ही ओल आतच कोंडली. पिवळा हरताळ तर आर्सेनिकचा, तो उघड्या हातांनी हाताळला. पूर्वी चुकलेलं अक्षर हरताळानं झाकत, वाक्प्रचार तिथलाच. शिबिरवाल्यांनी अख्ख्या पोथीलाच फासला.

स्कॅनिंगचं काय सांगावं! पानाचा अंक बहुधा पाठीवर असतो. यांनी फक्त चित्राची बाजू घेतली. क्रम गेला. तेही काळं-पांढरं, म्हणजे हिंगुळाची तांबडी रेघ आणि काजळाची शाई एकच. श्रीयंत्रात साधारणपणे शक्तीचे ५ त्रिकोण खाली टोक करून, शिवाचे ४ वर. पान उलटं ठेवलं की शिव-शक्तीची अदलाबदल! ९ त्रिकोणांच्या छेदांतून ४३ लहान त्रिकोण होतात, हे मोजायला शास्त्री लागत नाही, डोळे लागतात. शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवायला तर खर्चही नाही.

माहूर, तुळजापूर, अंबाजोगाई ही देवीची ठाणी ज्या मुलखात, तिथल्या बायकांनी वेखंड घालून, लाल बासनात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जे राखलं, ते लाल फितीत एका दुपारी संपलं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची नि जतनाची घोषणा झाली. २०२३ ला मंत्रिमंडळ इथे येऊन ४५ हजार कोटी की ५९ हजार, काहीतरी जाहीर करून गेलं. त्यातून पानं सांधायला एक जपानी टिश्यूचा, म्हणजे पातळ चिवट कागदाचा, ताव आणि वाटीभर गव्हाची खळ मिळेल का? की हाही अनुशेषातच धरायचा? निविदा काढणाऱ्याला लॅमिनेशनचा दर कळतो, जंगाल कळत नाही. रस्ते, पाणी, शाळा, सगळीकडे हीच तऱ्हा.

तूर्त आजच आदेश काढा: ती पानं कुणीही सोलू नयेत, जाणता माणूस येईपर्यंत सपाट, अंधारात, उन्हापासून लांब ठेवावीत. लॅमिनेशनवर बंदी घाला. उरलेल्या पोथ्यांची दोन्ही बाजूंनी, रंगीत छायाचित्रं मालकाच्या घरी जाऊन घ्या.

कळावे. ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. ती या वेळी राहू द्या.

पोथ्या सांभाळणारे