आजार माझा, गुन्हा आईचा?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

परवा विमा कंपनीचं पत्र आलं. माझ्या आमवाताच्या, म्हणजे सांधे सुजवून वाकडे करणाऱ्या आजाराच्या, उपचारांचा क्लेम नामंजूर. कारण एका ओळीत: 'आजार आनुवंशिक, सबब पॉलिसीबाहेर.' पुरावा काय, तर केस पेपरवरची नोंद, 'आईला आमवात होता.' डॉक्टरांनी विचारलं, मी खरं सांगितलं. चुकलंच माझं.

रक्ताच्या नात्यावरून कुणाचा विमा नाकारला जाणार नाही, असं गेल्या वर्षी आपणच भाषणात म्हणाला होतात. मीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा वाजवता येत होत्या.

आता सकाळचा पहिला दीड तास बोटं माझी नसतात. नळ कोपराने उघडते, टूथपेस्टचं झाकण दातांनी. बटणं मुलगी लावते. हे पत्रही तीच टाइप करतेय आणि मध्येच थांबून विचारतेय, "आई, मग मलाही होणार का?"

आपल्या खात्याने द्यायचं उत्तर मीच देते. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-डीआरबी१ नावाचा जनुक आहे. त्याचे ठरावीक प्रकार असले की धोका वाढतो. २००४ मध्ये पीटीपीएन२२ या दुसऱ्या जनुकाचा आमवाताशी संबंध सापडला, २०१४ पर्यंत जनुकांतल्या अशा धोक्याच्या जागा शंभरावर गेल्या. बहुतेक जागांचा हातभार किरकोळ. पण एकसारखी जुळी घ्या, जनुकं तीच. एकाला आमवात झाला तर दुसऱ्याला होतो का? शंभरात फार तर पंधरा जणांना. उरलेल्या ८५ जणांचं काय करायचं, तेवढं कंपनीला विचारून कळवा.

स्वीडनमधल्या २००६ च्या अभ्यासात, ज्यांना एचएलए-डीआरबी१चे ते धोक्याचे प्रकार आईबाप दोघांकडून आले होते आणि जे वर सिगारेट ओढत होते, त्यांना अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा (म्हणजे रक्तात अँटी-सीसीपी हे प्रतिपिंड सापडतं त्या प्रकाराचा) धोका २१ पट निघाला. म्हणजे सरपण आईबापांचं, काडी दुसऱ्याची. त्या काडीवर कर आपण घेता आणि भाजलेल्याला सांगता, तुझं रक्तच वाईट! उद्या मधुमेह, रक्तदाब, हृदयविकारही याच न्यायाने बाहेर काढा. आईबाप कशात नसतात? मग जन्माला येणं हाच आधीपासूनचा आजार असं पॉलिसीवर छापून टाका, निदान हप्ते तरी वाचतील.

अँटी-सीसीपी रक्तात दुखणं सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतं. पहिल्या काही महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखं औषध सुरू झालं तर सांधे बरेच वाचतात. माझं निदान व्हायला चौदा महिने गेले. तिघा डॉक्टरांनी 'या वयात बायकांचं दुखतंच' म्हणून वेदनाशामक दिलं. हा आजार बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नसावं. घरात आमवात असलेल्यांचे सांधे सुजले की लगेच तपासणी, एवढंच मागतेय. आणि ते 'सबब' मागे घ्यायला लावा.

अपील केलं होतं. अर्ज परत आला. शेरा: 'सही नमुन्याशी जुळत नाही.' पेन धरणारी बोटंच वाकडी झाल्यावर जुळणार कशी, हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

आपली,
(सही याही पत्रावर जुळणार नाही)