पाण्याखालची ती माणसं

प्रिय पक्या,

काल रात्री झोप येईना म्हणून परत ‘द ॲबिस’ लावला, समुद्राच्या तळाशी घडणारा तो पिक्चर, दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनचा, १९८९ चा, आणि संपल्यावर पहिली तुझीच आठवण आली, मालवणला स्कूबाला गेलो तेव्हा तुझ्या कानात दडे बसले होते आणि तू खुणेनंच वर चल म्हणालेलास. आपण किती वेळ होतो रे खाली? हा पिक्चर करणारी माणसं आठवडेच्या आठवडे पाण्यात काम करत होती.

आणि पिक्चरमधला तो समुद्र खरा समुद्र नाहीच. साऊथ कॅरोलिनात गॅफनी गावाजवळ अर्धवट सोडलेला अणुवीज प्रकल्प होता, तिथल्या अणुभट्टीच्या काँक्रीटच्या गोल कवचाचीच त्यांनी टाकी केली, ५५ फूट खोल, ७५ लाख गॅलन पाणी. पण वर उघडं आभाळ, आणि समुद्राच्या तळाशी ऊन कुठून येणार? मग वर मोठ्ठी ताडपत्री ताणली आणि पाण्यावर काळ्या प्लॅस्टिकचे बारके मणी सोडले, इतके की पाणी दिसूच नये, बाहेर यायचं तर त्या मण्यांतूनच डोकं वर काढायचं. पुढे वादळात ताडपत्री फाटली, मग शूटिंग रात्री. पाण्यात क्लोरीन इतकं की लोकांच्या केसांचा रंग उडाला.

जास्त वेळ खोलात राहिलं की अंगात नायट्रोजन मुरतो, झटकन वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि जीवावर बेततं, म्हणून थांबत थांबत वर यायचं. कॅमेरॉन त्या वेळात उलटा लटकायचा, जड हेल्मेटचा भार खांद्यावरून जावा म्हणून, आणि तसाच काचेपलीकडच्या मॉनिटरवर आधी शूट केलेलं बघायचा. एकदा तळाशी त्याची हवाच संपली, मदतीला आलेल्या डायव्हरनं तोंडात दिलेला रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची हवा देणारं यंत्र, बिघडलेला, हवेऐवजी पाणी आलं, शेवटी त्याला झटकून हा स्वतः वर आला म्हणून वाचला. हा किस्सा वाचताना माझाच श्वास अडकला.

तो द्रवातून श्वास घ्यायचा सीन आठवतो? त्यातला उंदीर खरंच फ्लुरोकार्बनच्या द्रवात श्वास घेत होता, ट्रिक नाही ती, ब्रिटनमध्ये तेवढा भाग कापला. मला उंदराचं ते तडफडणं बघवत नाही, खरं सांगतो. पिक्चरचा हिरो एड हॅरिस, त्याचं मात्र तसं नव्हतं, त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी भरायचे आणि तो डोळे उघडे ठेवून नुसता श्वास रोखून धरायचा, हवा द्यायला डायव्हर येईपर्यंत. एका रात्री घरी जाताना गाडी बाजूला लावून तो रडला होता. हे कळल्यापासून त्या सीनमध्ये मला पात्र दिसतच नाही, एक माणूस हवेची वाट बघतोय एवढंच दिसतं.

पाण्याचा तो हलता चेहरा तेवढा कॉम्प्युटरवरचा, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं पिक्चरला. पण मला विचारशील तर ते काळे मणी भारी.

शनिवारी घरी ये, परत लावू, दिवे बंद करून. येताना वहिनींनापण आण.

तुझाच,
बाळ्या