मिलिकच्या तुकड्यांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

'ज्याने १९६९ साली पाद्रीपद सोडलं, त्या युझेफ मिलिकचं एवढं कौतुक कशाला?' असं तू विचारलंस. राहवलं नाही म्हणून लगेच लिहायला बसलो.

या पोलिश पोथी-अभ्यासकाच्या पुढ्यात काय होतं ते आधी बघ. मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ साली पाचशेहून अधिक प्राचीन ज्यू पोथ्यांचे हजारो तुकडे मिळाले. बरेचसे बेदुइन या भटक्या अरब टोळ्यांनी आधीच उकरून नेलेले, म्हणून ते त्यांच्याकडून विकत घ्यावे लागले, चौरस सेंटिमीटरला एक जॉर्डेनियन दिनार या भावाने! उरलेले काढायला तिशीतला मिलिक स्वतः गुहेत खणत होता. पुढे जेरुसलेमच्या संग्रहालयात ते काचांखाली मांडून जुळवाजुळव सुरू झाली. चामड्याचा रंग, जाडी, आखलेल्या रेघा, लेखनिकाच्या अक्षराचं वळण, एवढ्यावरून कुठला तुकडा कुणाचा ते ठरवायचं. काही पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या, तीही त्यानेच उलगडली. (जोडकामाला वापरलेल्या चिकटपट्टीने पुढे चामड्याची हानी झाली, त्याची मला फार हळहळ वाटते.)

मला सर्वांत भावतं ते हनोखाच्या ग्रंथाचं, म्हणजे बायबलमधल्या हनोख या पूर्वजाच्या नावावरच्या प्राचीन ज्यू ग्रंथाचं काम. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात त्यातलं वचन आहे, तरी अख्खा ग्रंथ टिकला तो इथिओपियाच्या चर्चने तिथल्या प्राचीन गीझ भाषेत जपला म्हणून. त्याच्या अकरा अरामी पोथ्यांचे अवशेष मिलिकने ओळखले. शिवाय त्याच ढिगात त्याला ओह्या, महवय अशा महाकायांची नावं दिसली. हीच नावं इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या मानी या धर्मसंस्थापकाच्या 'महाकायांच्या ग्रंथा'त आहेत, आणि त्या ग्रंथाचे अवशेष मिळाले होते दूर मध्य आशियात, तुर्फानला! कुमरानची कथा मानीपर्यंत पोहोचली होती, हे त्याने चार-दोन शब्द उरलेल्या चिंध्यांवरून ताडलं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

त्याचं सगळंच पटतं असं नाही. गाळलेल्या जागा तो फार सढळ हाताने भरतो. हनोखातल्या 'दृष्टान्तां'चा भाग कुमरानला सापडला नाही, म्हणून त्याने तो थेट इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ढकलला. बहुतेक अभ्यासकांनी ते मानलं नाही, आणि मलाही ती उडी जास्तच वाटते.

आता तुझा प्रश्न. हनोखावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला १९७६ साली, म्हणजे पद सोडल्यावर सात वर्षांनी. झगा उतरवला तरी पोथ्या सुटल्या नाहीत. कुणाच्या तरी प्रार्थनेतलं अर्धं अक्षर लागावं म्हणून डोळे शिणवणं, हे माझ्या लेखी पौरोहित्यच आहे. तुला हे मान्य नसेल तर मोकळेपणाने भांड.

ग्रंथ हाती आला की आधी मागची छायाचित्रं बघ, मग मजकूर. चौकोनी कंसांतलं सगळं मिलिकचं आहे, बाहेरचं तेवढं चामड्यावरचं. कुठला कंस तुला खटकतो ते कळव.

तुझाच,
मित्र