‘बहुत काय लिहिणे’चा अर्थ सांगणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नारायणराव पेशव्यांच्या पत्नी गंगाबाईंवरची माझी कादंबरी गेल्या आठवड्यात लिहून पूर्ण झाली. ती कुणाच्या हातात देण्याआधी हे पत्र लिहायला बसले आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा घ्या आधी’ म्हणून विषय बदलता.

पहिल्या शनिवारी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत एका पत्राची झेरॉक्स होती. मोहिमेवरच्या एका सरदाराने घरी धाडलेलं पत्र. कुणीतरी त्याचं देवनागरी करून दिलं होतं आणि शेवटच्या ‘बहुत काय लिहिणे’ या तीन शब्दांवर मी भाळले होते. केवढा हा विरह, केवढं दाटून आलेलं मन! त्यावर नारायणराव आणि गंगाबाईंचा एक अख्खा प्रसंग मी रचला होता. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात. मग आतून एक बाड आणलंत आणि एकामागून एक पत्रांचे शेवट माझ्यापुढे ठेवलेत. सावकाराचं पत्र, किल्लेदाराचं पत्र, दाणावैरणीचा हिशेब मागणारं पत्र. सगळीकडे तेच, ‘बहुत काय लिहिणे’. पत्र संपवायची ती रीतच होती.

माझा चेहरा पडलेला तुम्हाला दिसला असणार. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि त्याच पत्राच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवलंत. औषध वेळेवर घेत जाणे, हयगय न करणे, एवढंच होतं तिथे. तुम्ही म्हणालात, “हे याने कारकुनाला सांगून लिहवलंय. तिकडे दुसरा कारकून वाचून दाखवणार. वाटेत कुणाच्या हाती लागेल त्याचा नेम नाही. असा माणूस आणखी काय लिहील? प्रेम शोधायचं तर इथे शोधा.”

सर, त्या वाक्याने माझी कादंबरी बदलली. तोवर दरबारातली कारस्थानं एका प्रकरणात आणि नवरा-बायको दुसऱ्या प्रकरणात, असं मी लिहीत होते. कारस्थानामुळेच तर माणसं मनातलं बोलू शकत नव्हती, हे मला सुचलंच नव्हतं. ज्या शनिवारवाड्यात भिंतींनाही कान होते, तिथे अठरा वर्षांचा पेशवा आणि त्याहून लहान त्याची बायको मोकळेपणी काय बोलणार? आता माझ्या नारायणरावांच्या तोंडी प्रेमाचा एकही संवाद नाही. ते फक्त विचारतात, जेवण झालं का.

मोडी शिकवलीत ते वेगळंच. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचं. दोन महिने मी नुसती अडखळत होते. चुकलं की तुम्ही बोलत नव्हता, पेन्सिलीने अक्षराखाली बारीक टिंब द्यायचात आणि थांबायचात. ती टिंबांची वही मी जपून ठेवली आहे.

आणि तो अर्बा! ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं तुम्ही मला तीनदा म्हणायला लावलंत. चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे पेशवे दफ्तरातल्या शुहूर सन या कालगणनेचं साल ११७४. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा, ऐन गणेशोत्सवातला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवसाचा. पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले १८ एप्रिल १७७४ला. इंग्रजी सन बदलला, शकही १६९५चा १६९६ झाला, पण दफ्तराच्या हिशेबात दोन्ही गोष्टी एकाच सालात बसतात. गंगाबाईंनी नवरा गमावला ते आणि मूल कुशीत घेतलं तेही अर्बाच. हे मला उमगलं त्या रात्री झोप लागली नाही. कादंबरीची रचना मी त्या एका वर्षावरच बेतली.

सगळ्यात जास्त ऋण पार्वतीबाईंबद्दलचं आहे. पुरंदरावर गंगाबाईंच्या सोबतीला गेलेली एक वडीलधारी बाई, एवढीच त्यांची जागा मी ठेवली होती. तुम्ही आठवण करून दिलीत की या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. पानिपत होऊन तेरा वर्षं लोटली तरी भाऊ गेले हे त्यांनी मानलं नव्हतं, कपाळाचं कुंकू पुसलं नव्हतं. एका खोलीत एक कोवळी विधवा आणि एक विधवा न झालेली बाई, आणि खाली बारभाईंचं, म्हणजे एकवटलेल्या कारभाऱ्यांचं, सगळं राजकारण त्या एका बाळंतपणावर टांगलेलं. तो प्रसंग लिहिताना मला एकही शब्द शोधावा लागला नाही.

एका प्रकाशकांनी खर्ड्याची सुरुवात वाचून आनंदीबाईंची कपटं वाढवायला सांगितलं. मी नाही म्हणाले. तसं म्हणण्याचं बळ तुमच्याकडून आलं. ‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट कादंबरीत आहे, पण वाड्यातल्या बायका कुजबुजत सांगतात तशी, ऐकीव म्हणून.

छापायला देण्यापूर्वी पुरंदरचं प्रकरण तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. एका पत्रातले दोन शब्द अजून लागलेले नाहीत, तेही घेऊन येते. येत्या शनिवारी चारला येईन. डोळ्यांत औषध घालत जा, हयगय करू नका.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा हे विनंती.

तुमची विद्यार्थिनी