मंत्रीमहोदय, खूर ३० दिवसांत उगवत नाही

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,

सविनय नमस्कार. अनवाणी घोड्यांसाठी वेगळे निकष ठरवू, नालेची सक्ती करणार नाही, असा शब्द आपण दिला होतात. आता परिपत्रक हाती पडलंय: कामाच्या प्रत्येक घोड्याला ३० दिवसांत चारही पायांना लोखंडी नाल, नाहीतर परवाना रद्द. शब्द दिल्याबद्दल आभार. तो पाळायचाही होता, हे बहुधा फाइलवर लिहायचं राहून गेलं.

खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवी भिंत उतरायला टोकाशी ९ ते १२ महिने लागतात. तोवर जुन्या खिळ्यांची भोकं सरकत सरकत खाली येतात आणि छाटली जातात. ज्यांच्या घोड्याची नाल काढून सात-आठ महिने झालेत, त्यांनी आता काय करायचं? अर्ध्याहून जास्त नव्या खुरात पुन्हा सहा-आठ खिळे ठोकायचे?

पाय टेकला की खूर टाचेकडे किंचित फाकतो. तळव्यातली त्रिकोणी रबरी गादी जमिनीला लागते आणि तिच्या वरची उशी दणका गिळते. नाल ठोकली की कठीण जमिनीवर ती गादी अधांतरी राहते. वर झीज बंद. सहा-आठ आठवडे नाल तशीच, तेवढ्यात खूर सेंटिमीटरभर वाढतो आणि टोक पुढे पळतं. पाय उचलताना ते लांबलेलं टोक तरफेसारखं भिंत ओढतं, भिंत आणि तळवा जोडणारी पांढरी रेषा ताणली जाते, तिच्यात खडी शिरते. मग आपलाच अधिकारी शेरा मारतो, 'खूर निकृष्ट'.

अनवाणी घोडे लंगडतात म्हणे. लंगडतात ना! निरोगी तळवा साधारण १५ मिलिमीटर जाड हवा. नुकतीच नाल काढलेल्याचा तो बहुधा पातळ असतो आणि खडा टोचतो. त्याला खडीवर बूट घालायचे, तबेल्यात काढायचे. दुसरं कारण थ्रश. शेणामुताने ओल्या ठाणात उभं राहून गादीच्या मधल्या चिरेत काळा, कुजका वास मारणारा चिकटा होतो. टाच दुखते म्हणून घोडा टोक आधी टेकतो, आणि टोक आधी टेकतो म्हणून मागची उशी कधी तयारच होत नाही. यावर उपाय लोखंड? कोरडं ठाण हवं, आणि रोज टाचेकडून टोकाकडे खूर कोरायचा आकडा फिरवून साफ केलेला खूर. झीज वाढीपेक्षा जास्त असेल, त्या घोड्याला नाल लागते, हे आम्हीही मानतो. भांडण सक्तीशी आहे.

छाटणी दर चार ते सहा आठवड्यांनी. भिंत तळव्याच्या कडेपेक्षा दोनेक मिलिमीटर उंच सोडायची, बाहेरची कड कानशीने गोल करायची. तळव्याचा खडूसारखा भुगा होणारा मेलेला थर काढला तर चालेल, पण त्याखालच्या मेणचट जिवंत थराला चाकू लावायचा नाही. इथेच हात घसरतो. नाल सपाट बसावी म्हणून कोरायची सवय लागलेला नालबंद अनवाणी खूरही कोरतो. नाल ठोकायला शिकवता. असा खूर छाटायला शिकवणारा एक तरी वर्ग आपल्या खात्याने काढलाय?

आणि चारा! भिंतीला हाडाशी धरून ठेवणारे आतले पापुद्रे लॅमिनायटिसने सुजले की कितीही खिळे ठोका, पकड सुटणारच. इन्शुलिन बिघडलेल्या घोड्याच्या चाऱ्यात साखर आणि स्टार्च मिळून १० टक्क्यांच्या आत लागतं. सुकं गवत तासभर थंड पाण्यात भिजवून ते पाणी फेकावं लागतं. चाऱ्यावर परिपत्रकात एक ओळ नाही.

कारण नाल मोजता येते. चार पाय, चार नाला, बरोबरची खूण, सही. शाळेत हजेरी मोजतात, दवाखान्यात खाटा मोजतात, तसंच हे. मुलाला वाचता येतं का, रोगी बरा झाला का, हा रकानाच नसतो. ग्रीक लेखक आणि घोडेस्वार झेनोफॉनने सुमारे २४०० वर्षांपूर्वी खूर कणखर व्हावेत म्हणून घोड्याच्या पायाखाली अर्ध्या किलोच्या आसपासचे चार-पाच गाड्या गोल दगड पसरायला सांगितले होते. त्याच्याकडे खातं नव्हतं, सुदैव घोड्यांचं.

तपासनीसाला एवढंच करायला लावा: घोडा कडक जमिनीवर सावकाश चालवायचा, बाजूला उकिडवं बसायचं, टाच आधी टेकते की टोक ते बघायचं. टाच टेकली, तर नाल न विचारता परवान्यावर सही करायची.

३० पैकी ११ दिवस गेलेत.

आपले,
अनवाणी खुरांची निगा राखणारे